हुसेनचाचाच्या गिरणीचा फोन

दिवाळीचे आकाशकंदील अजून दारावर असतात, तेरखेड्याच्या फटाक्यांची लाल कागदं गल्लीतून उडत असतात, आणि एका सकाळी कारखान्याच्या चिमणीतून धूर निघतो. आमचे आबा अंगणात येतात, कपाळावर आडवा हात धरून तो धूर बघतात, ‘‘चिपाड ओलं हाय अजून,’’ म्हणतात आणि आत जाऊन चहा मागतात. मग मळीचा वास सुरू होतो. आंबूस, गोड, जरा जळकट. पाहुण्यांना तो सोसत नाही. नाकाला रुमाल लावून विचारतात, तुम्ही इथं राहता तरी कसं? मला मात्र तो वास आला की पाठ ताठ होते. माझी पहिली नोकरी, पहिली खुर्ची आणि पहिली खरी चूक शोधून काढल्याचा आनंद, तिन्हीला हाच वास आहे.

मी या कारखान्यात संगणक विभाग बघते. यंदा ऊसतोड मजुरांची नोंदणी नव्या ॲपवर आहे. ते ॲप केलेल्या पुण्यातल्या पोराचा परवा फोन आला. आवाज कोवळा, पण काळजीत. म्हणाला, मॅडम, काहीतरी बोगस चाललंय, कितीतरी मजूर एकच मोबाईल नंबर देतायत, सिस्टिम नोंद घेत नाही, ती सगळी नावं काढून टाकू का? मी म्हटलं, थांबा, एकही नाव काढू नका, मला तो नंबर पाठवा. फोन ठेवला आणि खिडकीतून बघत बसले. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. एकाच्या टेपवर भीमगीत, दुसऱ्याच्या टेपवर लावणी, मधे मुकादमाच्या शिव्या. मला हसू येत होतं. एकाच नंबरावर पुष्कळ माणसं. हा आजार मला नवा नव्हता.

आमच्या घरात मी पहिली पदवीधर. हे मी कुठंही, कुणालाही, न विचारता सांगते. लोक म्हणतात त्यात सांगण्यासारखं काय आता. त्यांच्या घरात पहिला पदवीधर आजोबा झाला असेल, त्यांना सांगायची गरज पडत नाही. आबा आणि आई कोयता घेऊन बाहेर जायचे, हंगामभर. मी मावशीकडं राहून शाळा केली, पुढं उस्मानाबादला (तेव्हा आम्ही उस्मानाबादच म्हणायचो) कॉलेज केलं, संगणक घेऊन बी.एस्सी. झाले. निकालाच्या दिवशी आबांनी गुणपत्रिका बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवली आणि हात जोडले. मग म्हणाले, ‘‘हे संगणकाचं काम बसून करायचं असतं न्हवं?’’ मी व्हय म्हटलं. ‘‘मग झालं,’’ म्हणाले.

पुढच्याच वर्षी दोन गोष्टी एकदम घडल्या. आमच्या विहिरीला पाणी लागलं होतं, त्यावर आबांनी स्वतःच्या रानात पहिल्यांदा ऊस लावला. जन्मभर दुसऱ्याचा ऊस तोडलेल्या माणसाचा स्वतःचा ऊस. आणि मला कारखान्यात हंगामी संगणक चालक म्हणून घेतलं.

त्या वर्षी कारखान्यानं ठरवलं होतं की तोडीचा नंबर वशिल्यानं नाही, नोंदीच्या क्रमानं लागेल, आणि ती नोंद संगणकावर होईल. ही बाहेरच्या माणसाला साधी गोष्ट वाटेल. इथं ती साधी नाही. ऊस वेळेत तुटला तर वजन. मागं राहिला की तुरा फुटतो, कांडी पोकळ होते, उन्हानं वाळून जातो. आपला नंबर कधी लागणार, या एका प्रश्नावर आमच्याकडं भावकी तुटते, सोयरिकी मोडतात. तो नंबर आता एक यंत्र देणार होतं, आणि ते यंत्र सांभाळायला मी होते.

नोंदीचा फॉर्म पुण्याच्या सतीश नावाच्या माणसानं पर्ल या भाषेत लिहिला होता. माणूस भला, हुशार. फॉर्म लिहून तो दुसऱ्या कारखान्याकडं गेला आणि जाताना म्हणाला, काही अडलं तर फोन करा. अडायचं तर पहिल्याच दिवसापासून ठरलेलं होतं. नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, फोन भरायचा, खालचं बटण दाबायचं, की पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत एकच वाक्य: सर्व्हरमध्ये अंतर्गत चूक. कुठली, ते सांगायचं नाही. आमच्याकडं रुसलेली बाई असं बोलते. काय झालं विचारलं तर म्हणते, काही नाही.

मी त्या वाक्याची मनधरणी करायला शिकले. कधी पहिल्या ओळीत पर्लचा पत्ताच चुकलेला असायचा, कधी फाइल चालवायची परवानगीच दिलेली नसायची. कधी माझ्या संगणकावरून फाइल सर्व्हरवर चढवताना प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटून जायचं; डोळे फाडून बघितलं तरी दिसायचं नाही, आणि तेच एक सगळ्याचा घात करायचं. एकदा तर पानाचा मजकूर सुरू व्हायच्या आधी एक कोरी ओळ सोडायची राहिली होती, तेवढ्यासाठी अख्खा फॉर्म बंद. त्या दिवशी मला पटलं की या धंद्यात रिकाम्या जागेलाही किंमत असते.

शोधायची रीत मी कुठल्या पुस्तकातून घेतली नाही. आबा रानात पाणी देताना शेवटच्या सरीला पाणी पोचलं नाही, तर मोटारीपासून पाटाच्या कडेनं चालत निघायचे. इथवर आलंय, इथवर आलंय, असं स्वतःशीच म्हणत. जिथं पाट कोरडा दिसायचा त्याच्या एक पाऊल मागं पाणी गिळणारं बीळ असायचंच. मीही तेच केलं. स्क्रिप्टमध्ये चार-पाच ओळींवर एकेक वाक्य पेरलं, इंग्रजी अक्षरांत: इथवर आलं. पडद्यावर शेवटचं ‘इथवर आलं’ ज्या ठिकाणी थांबायचं, त्याच्या पुढच्या ओळीत बीळ. ऑफिसातली माणसं हसायची. एक जण तर मला बघितलं की म्हणायचा, ‘‘आलं का इथवर?’’ मी म्हणायचे, आलं, तुम्ही कधी येताय?

आणि फॉर्म चालू झाला. बटण दाबलं की पडद्यावर ‘धन्यवाद, आपली नोंद झाली आहे’. पहिल्यांदा ते वाक्य आलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं साहेब आले, त्याही उठल्या.

गावोगावच्या गट कार्यालयात नोंदी झाल्या. आमच्या वस्तीची नोंद एका दिवसात उरकली. मी हेड ऑफिसला होते, वस्तीची रांग मी बघितली नाही. आई सांगत होती, माणसं भल्या सकाळी जाऊन बसली, कुणी जागेवर चप्पल ठेवली, कुणी दगड. आबा सगळ्यात शेवटी गेले, कारण सकाळी लाईटीची पाळी आपली होती आणि उसाला पाणी द्यायचं होतं.

दसऱ्याच्या सुमाराला तोडीची पहिली यादी कारखान्याच्या फलकावर लागली. दुसऱ्या दिवशी हुसेनचाचा वस्तीतून खास सायकल मारत मला भेटायला आले. चाचांची पिठाची गिरणी आमच्या वस्तीच्या तोंडाशी. भुवयांवर कायम पीठ, त्यामुळं ते आश्चर्यात असल्यासारखे दिसतात. त्या दिवशी खरंच दिसत होते. म्हणाले, ‘‘बेटी, यादी बघ जरा. आपल्या वस्तीतला एकच नाव हाय. तेरे आबा का.’’

मी फलकापुढं जाऊन उभी राहिले. खरंच. अख्ख्या वस्तीतून एकच माणूस. माझा बाप.

तोवर वस्तीत बोलून झालं होतं. उघड भांडायला कुणी आलं नाही, तसं आलं असतं तर बरं झालं असतं. भागवतकाका, आबांच्या बरोबरीनं आयुष्यभर कोयता चालवलेला माणूस, पारावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘‘पोरगी शिकावी तर अशी. लोकांचं नाव पुसून बापाचं लिव्हती.’’ माणसं हसली. आईला नळावर कुणी बोलेना. आमच्यासारख्या वस्तीत एक पोरगी शिकते ती एकटी शिकत नाही. तिच्या परीक्षेला शेजारीण दही देते, एसटीत जागा धरायला कुणाचा तरी पोऱ्या पळतो. ते सगळं त्या एका वाक्यानं मातीत गेलं होतं. मी किती खरी होते ते मला ठाऊक होतं, पण यादी माझ्या विरुद्ध बोलत होती, आणि यादी मीच काढली होती.

दुपारी आबा आले. ऑफिसच्या दारात चपला काढून आत आले. मी कितीदा सांगितलं होतं, चपला काढायच्या नाहीत. उभ्यानंच म्हणाले, ‘‘सुजे, माझं नाव काढ त्यातनं. समद्यांचं येईल तवा माझं टाक.’’

‘‘आबा, तुमचं नाव काढलं तर मी चोरी केली असं होईल. नाव ऱ्हाईल. ज्यांची गेलीत ती आणते.’’

‘‘आनशील?’’

‘‘आणते.’’

ते माझ्याकडं बघत राहिले, मग संगणकाकडं बघितलं, एखाद्या मारक्या बैलाकडं बघावं तसं. आणि गेले.

आता माझ्यासमोर जी चूक होती ती रुसणारी नव्हती. रुसलेल्या चुकीला निदान कळतं की काहीतरी बिनसलंय. ही चूक प्रत्येकाला धन्यवाद म्हणाली होती. मी पाटाच्या कडेनं चालावं तशी स्क्रिप्टच्या कडेनं चालले. इथवर आलं, इथवर आलं. पाणी शेवटापर्यंत व्यवस्थित पोचत होतं. खोट्या नावानं नोंद केली, झाली. दुसरी केली, झाली. कुठं बीळ नाही. शेवटी वैतागून वस्तीतल्याच एकाचं नाव घातलं, भागवतकाकांचं. गाव घातलं, गट घातला, फोनच्या रकान्यात आले आणि बोटांनी न विचारता एक नंबर टाइप केला. हुसेनचाचाच्या गिरणीचा.

तो नंबर माझ्या बोटांना पाठ होता. कॉलेजच्या प्रत्येक अर्जावर मी तोच लिहिला होता, पुढं दोन अक्षरं: पी.पी. म्हणजे फोन आपला नाही, शेजारच्याचा आहे, निरोप द्या, बोलावून देतील. वस्तीत फोन एकच, गिरणीतला. तो वाजला तरी गिरणीच्या घरघरीत ऐकू यायचा नाही, म्हणून चाचांनी फोनवर एक लाल बल्ब बसवून घेतला होता. बल्ब लागला की पट्टा उतरवायचे, गिरणी थांबायची, आणि वस्तीला कळायचं की कुणाचा तरी फोन आहे. सगळी वस्ती कामं थांबवून कान टवकारायची. मग चाचा बाहेर येऊन नाव पुकारायचे.

मी बटण दाबलं. धन्यवाद, आपली नोंद झाली आहे. यादी उघडली. भागवतकाका होते. आबा नव्हते.

पर्लमध्ये हॅश नावाची एक मांडणी असते. खणाखणाचं कपाट समजा, प्रत्येक खणावर एक चिठ्ठी. सतीशनं खणांवर फोन नंबरच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, कारण त्याच्या जगात दोन माणसांचा एक फोन नसतो. आमची अख्खी वस्ती एकाच खणात जात होती. दुसरा आला की पहिला बाहेर, तिसरा आला की दुसरा बाहेर. शेवटी आले आबा, पाणी देऊन, चिखलाच्या पायांनी. त्यांच्या मागं कुणी नव्हतं म्हणून ते राहिले. ज्यांच्या घरी स्वतःचा फोन, त्यांची नावं जिल्हाभर सुखरूप होती. आणि नेमके ज्यांच्यासाठी वशिला बंद केला होता, तेच पुसले गेले होते.

सतीशला फोन लावला. तो म्हणाला, हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. मी म्हटलं, माझ्या यायला पाहिजे होतं, आलंय. खणाची चिठ्ठी मी बदलली: प्रत्येक नोंदीला तिचा स्वतःचा क्रमांक, फोन कुणाचाही असो. चारच ओळींचं काम. पण गेलेली नावं त्यानं परत येणार नव्हती. नावं पुन्हा भरता आली असती, पण मग नोंदीची तारीख आजची पडली असती, आणि वस्ती यादीच्या तळाला गेली असती. क्रम आणायचा कुठून?

सर्व्हरला एक सवय असते. आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाची वेळ तो टिपून ठेवतो. कोण आलं ते नाही, कुठल्या कार्यालयातून आणि कधी आलं तेवढंच. आमच्या गट कार्यालयाच्या त्या दिवशीच्या वेळा मी काढल्या. एकामागून एक, बिननावाच्या. मधेच एक मोठी फट होती, आणि मग पुन्हा ओळ सुरू. ते कागद घेऊन मी शेतकी अधिकाऱ्यांकडं गेले. साहेब कडक होते, पण ऐकून घेणारे. म्हणाले, वेळा आहेत, पण कुठल्या वेळेला कोण, हे कोण सांगणार? मी म्हटलं, रांग सांगेल.

वस्ती कारखान्याच्या आवारात आली, वजनकाट्याजवळच्या लिंबाखाली. येताना कुणी माझ्याकडं बघितलं नाही. मी सगळ्यांना फॉर्मची चूक सांगितली; चाचांच्या फोनचं नाव निघालं तशी माणसं चाचांकडं बघायला लागली, आणि चाचा म्हणाले, ‘‘मेरे कू क्या देखते? मी तर फुकट बोलावून देतो.’’ थोडं हसू झालं. मग मी म्हटलं, त्या दिवशी जसे उभे होता तसे उभे राहा.

मला वाटलं होतं, भांडणं होतील. पहिला नंबर सगळ्यांनाच पाहिजे, आणि खोटं बोललं तर पकडायला कागद नाही. पण रांग लागताना ऐकत राहावी अशी होती. मी ह्याच्या मागं, ह्यानं मला तंबाखू मागितली होती. न्हाय, मधे ही होती, हिच्या कडेवर पोरगं होतं, सारखं माझी टोपी वढत होतं. माणसं स्वतःहून मागं सरकत होती. सगळ्यांची रांग लागली तरी माझ्या वेळांपेक्षा एक माणूस कमी भरला. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात मधूनच कुणीतरी म्हणालं, शंकरतात्या न्हाय का, लेकीकडं नळदुर्गला गेलाय. दोघं जण आपसूक मागं सरकले आणि मोकळ्या जागेत एक दगड ठेवला.

साहेब अजून कागद बघत होते. त्या फटीवर बोट ठेवून त्यांनी मोठ्यानं विचारलं, मधे एवढा वेळ नोंद का थांबली होती? रांगेतून यमुनाबाई पुढं आल्या. म्हणाल्या, ‘‘माझं निम्मं भरलं अन् लाईट गेली. ती आल्यावर परत पयल्यापासनं सांगाय लागलं. मोप वैताग.’’ साहेबांनी पेन घेऊन रांगेच्या तोंडापासून माणसं मोजली, मग कागदावरच्या वेळा मोजल्या. यमुनाबाई बरोब्बर फटीवर उभ्या होत्या.

साहेबांनी कागद घडी केला आणि एवढंच म्हणाले, ‘‘भरा नावं.’’

मी तिथंच टेबल मागवलं. एकेक जण आला, मी विचारलं, फोन? प्रत्येक जण जरा थांबायचा, हसायचा आणि म्हणायचा, गिरणीचा. सगळे खणात बसले, आपापल्या. भागवतकाका आले तेव्हा माझ्याकडं न बघता पडद्याकडं बघत म्हणाले, ‘‘माझं नाव तू आदीच टाकलं व्हतंस म्हनं, चूक बघाया.’’ मी म्हटलं, व्हय काका, तुमचंच सुचलं. ‘‘मंग त्येच राहू दी की पयलं,’’ म्हणाले. रांगेत जो हशा झाला त्यात ते स्वतःही होते. शेवटी आबा आले, जिथं उभे होते तिथूनच. मी नाव विचारलं. लेकीनं बापाला नाव विचारलेलं त्यांना इतकं आवडलं, की त्यांनी आजोबांसकट सांगितलं.

वस्तीतला शेवटचा नंबर आमचा. तोड यायला ऊन तापलं. उसाला तुरे आले, वजन घटलं, ते घटायचंच होतं. तोडकऱ्यांची टोळी आली तशी आबांनी त्यांना आधी चहा पाजला. मग थोडा वेळ बांधावर बसून बघत राहिले आणि राहवेना, कोयता मागून घेतला. ‘‘बुडक्यातनं घ्या रं, साखर तितंच असती,’’ म्हणत वाकले. आई मला म्हणाली, जन्मभर वैताग केला ह्या कामाचा, आता बघ कसं चाललंय. हंगामाच्या शेवटच्या खेपा होत्या त्या. शेवटच्या खेपेचे ट्रॅक्टर सजवायची रीत आहे. केळीचे खुंट, पताका, गुलाल, पुढं हलगी. त्यातल्या एका ट्रॅक्टरवर आमचा ऊस होता. गुलालाची पिशवी घेऊन पुढं कोण होतं, तर भागवतकाका. त्यांनी आबांना रंगवलं, मग ऑफिसच्या पायऱ्यांवर येऊन मला हाक मारली आणि माझ्या नव्या ओढणीचा विचार न करता मूठभर गुलाल टाकला. ती ओढणी मी धुतली नाही. पेटीत आहे.

ते पर्ल आता कधीच गेलं. मधे दोन-तीन सॉफ्टवेअरं आली आणि गेली. मी हंगामीची कायम झाले, विभाग माझ्याकडं आला. चाचा गेले, गिरणी त्यांचा मुलगा चालवतो. लाल बल्ब अजून भिंतीवर आहे, त्याच्यावर पिठाची साय.

परवाच संध्याकाळी पुण्याच्या पोराचा मेसेज आला. त्यानं तो नंबर पाठवला होता. पहिले चारच आकडे वाचले आणि मी खुर्चीत मागं रेलले. घरी फोन लावला. आबांनीच उचलला, मागं चुलीचा आवाज, लहान पोरांचा गलका. यंदा आमच्या रानाच्या कडेला दोन टोळ्यांच्या कोप्या, उसाच्या पाल्याच्या झोपड्या, पडल्यात.

‘‘आबा, तुमचा नंबर किती जणांना दिलाय?’’

‘‘मागंल त्येला. त्यांची मानसं तिकडं गावाकडं, कुनाचं पोर आजारी, कुनाचं काय. रातच्याला फोन येतात, म्या हाका मारतो.’’ मग जरा थांबले. ‘‘का गं? तुझ्या त्या मशिनीत जागा न्हाय व्हय?’’

‘‘हाय आबा,’’ मी म्हटलं, ‘‘करते.’’

आणि पुण्याच्या पोराला फोन लावला. म्हटलं, कागद-पेन घे, तुला एका गिरणीची गोष्ट सांगते.